सोबत कोण आहे?

काउंटरवरच्या बाई चिडलेल्या नव्हत्या, हे आधी सांगायला हवं. एका हाताने फोन आणि दुसऱ्या हाताने रजिस्टर सांभाळत त्या सकाळपासून बसल्या होत्या, आणि समोरची रांग काही हटत नव्हती. मी थायरॉइडचा रिपोर्ट दाखवायला गेले होते. माझ्या खुर्चीच्या पुढ्यातच एक मुलगी रांगेत उभी होती. सोळा-सतरा वर्षांची असेल, पाठीवरची सॅक पुढे घेऊन पोटाशी धरलेली. तिचा नंबर आला. ती काहीतरी पुटपुटली. ‘‘जरा मोठ्याने बोल गं.’’ मुलीने एकदा मागे पाहिलं. ‘‘लेडी डॉक्टरांना भेटायचंय.’’ ‘‘हो, पण कशासाठी? काय होतंय?’’ मुलगी गप्प. ‘‘सोबत कोण आहे? आई आलीय का?’’ आता रांगेतल्या दोघातिघांच्या माना वळल्या. ‘‘सर्दी झालीय,’’ मुलगी म्हणाली. ‘‘अगं मग इथे कशाला उभी राहिलीस? सर्दीचे डॉक्टर खालच्या मजल्यावर.’’ ती ‘हो’ म्हणाली आणि जिना उतरली. खिडकीतून मला दिसलं, ती खालच्या मजल्यावर थांबली नाही. सरळ फाटकाबाहेर निघून गेली.

सगळं मिळून मिनिटभराचासुद्धा संवाद नसेल.

त्या दिवसापासून ही मुलगी माझ्या डोक्यातून जात नाही. ती कशासाठी आली होती ते मला कधीच कळणार नाही, आणि कळायचं कारणही नाही. पाळी दोन महिने आली नसेल. किंवा महिन्यातून दोनदा येत असेल. अंगावरून पांढरं जात असेल, खाज येत असेल आणि आपल्यालाच काहीतरी भयंकर झालंय असं वाटत असेल. कोणी बळजबरी केली असेल. किंवा आदल्या रात्री काहीतरी घडलं असेल आणि तिला गर्भ राहू नये म्हणून घ्यायची आपत्कालीन गोळी हवी असेल. तसं असेल तर तिच्यासाठी तास मोजण्याची वेळ होती. ही गोळी जितक्या लवकर घ्यावी तितकी उपयोगी पडते, फार तर पाच दिवसांपर्यंत, आणि दर दिवसागणिक तिचा भरवसा कमी होत जातो. घरून निघताना त्या मुलीने किती धीर गोळा केला असेल! कोणाला काय सांगून निघायचं, कोणत्या वेळी जायचं, ओळखीचं कोणी भेटलं तर काय म्हणायचं, हे सगळं तिने मनात घोळवलं असेल. तेवढं सगळं करून ती काउंटरपर्यंत पोचली होती. तिच्याकडे आत्मविश्वास नव्हता असं कोणी म्हटलं तर मला ते पटणार नाही. तो होता, आणि माझ्यासमोर संपला.

किशोरवयीन मुलांच्या आरोग्याबद्दल कुठेही चर्चा निघाली की ‘मुलांमध्ये जागृती केली पाहिजे, त्यांचा आत्मविश्वास वाढवला पाहिजे’ असं ऐकू येतं. मुलांमध्येच काहीतरी कमी आहे आणि ते आपण भरून काढायचं, असा त्याचा सूर असतो. मला हळूहळू वाटायला लागलंय की हे उलटं आहे. मूल आपल्या परीने दारापर्यंत येतं. दाराच्या आत त्याचं काय होतं त्यावर ते पुन्हा येणार की नाही हे ठरतं. आणि ते एकटं नसतं, त्याच्या मैत्रिणी असतात, मित्र असतात. ‘तिथे जाऊ नकोस, सगळ्यांसमोर विचारतात’ हे एक वाक्य भिंतीवरच्या शंभर पोस्टरांना पुरून उरतं.

मी स्वतः चौदा-पंधरा वर्षांची होते तेव्हा मला पाळीत फार रक्तस्राव व्हायचा. आठ-आठ, नऊ-नऊ दिवस. रात्री दोनदा उठावं लागायचं, चादर धुवावी लागायची, सकाळी जिना चढताना डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. शेवटी आई दवाखान्यात घेऊन गेली. स्पिरिटचा वास, खिडकीला लावलेला हिरवा पडदा आणि तपासणीच्या टेबलावरचं गार रेक्झिन मला अजून आठवतं. डॉक्टरांनी सगळं आईला विचारलं. किती दिवस, किती वेळा, गाठी पडतात का. आईला त्यातलं अर्धंच माहीत होतं, कारण चादरी मी धूत होते. मी तिथेच बसले होते, पण माझ्याकडे कोणी वळलं नाही, आणि मधे बोलावं असं मला सुचलंही नाही. ‘या वयात होतं असं, वाढत्या वयाबरोबर ठीक होईल,’ असं सांगून त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. पुढे कित्येक वर्षांनी मी वाचलं की सात दिवसांच्या वर चालणारा किंवा तासा-दोन तासांत पॅड भिजवणारा रक्तस्राव तपासून घ्यायचा असतो, आणि काही मुलींमध्ये त्यामागे रक्त नीट न गोठण्याचा जन्मजात आजार निघतो. माझं तसं काही नव्हतं. पण ते तेव्हा कोणी पाहिलंही नव्हतं.

मुलांची, म्हणजे मुलग्यांची गोष्ट तर आणखी अवघड. लैंगिक आणि प्रजनन आरोग्य म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मुलगीच येते. माझा भाचा तेरा वर्षांचा होता. एका रात्री त्याने पोटात दुखतंय म्हणून सांगितलं. त्याला उलटी झाली. ओवा, गरम पाण्याची पिशवी, सगळं झालं. तो पांघरुणात पाय पोटाशी घेऊन पडला होता, आणि कोणी जवळ गेलं की तोंड भिंतीकडे करायचा. पहाटेच्या आधी त्याचा मोठा भाऊ त्याच्याशेजारी जाऊन आडवा झाला आणि हळूच त्याने विचारलं, ‘‘पोटातच दुखतंय, की खाली?’’ तेव्हा तो रडायला लागला. वृषणाला पीळ पडला होता. वयात येणाऱ्या मुलांमध्ये हे होऊ शकतं. रक्तपुरवठा तुटतो, आणि साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तरच ते वृषण वाचण्याची चांगली आशा असते. त्याचं वाचलं, थोडक्यात. नंतर माझी बहीण मला म्हणाली, ‘‘अगं, मला का नाही सांगितलं त्याने? मी आई आहे ना त्याची?’’ तिच्या आवाजात राग नव्हता, दुखावलेपण होतं. मला तिला काय उत्तर द्यावं ते कळेना. त्या मुलाला आपल्या शरीराच्या त्या भागाचं नाव मोठ्या माणसासमोर उच्चारायची सवयच कोणी लावली नव्हती. हात मोडला असता तर त्याने घर डोक्यावर घेतलं असतं.

माझी एक जुनी मैत्रीण डॉक्टर आहे. तिच्याकडे या वयाची मुलं बरीच येतात. ती सांगते, पहिली तक्रार जवळजवळ कधीच खरी नसते. चेहऱ्यावर मुरमं आली, डोकं दुखतं, केस गळतात, भूक लागत नाही. मुरमांवर बोलताना मुलगी डॉक्टरकडे निरखून पाहत असते. हिला घाई आहे का? ही हसते का? आईला फोन लावेल का? मग औषध लिहून होतं, मुलगी उठते, दारापर्यंत जाते, आणि दाराच्या कडीवर हात ठेवून म्हणते, ‘‘डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं.’’ तेव्हा खरी भेट सुरू होते. बाहेर कितीही गर्दी असली तरी त्या क्षणी घड्याळाकडे पाहायचं नाही, हे मैत्रिणीने स्वतःला शिकवलंय. आणखी एक तिने केलंय. अवघड प्रश्न ती कोणाला निवडून विचारत नाही. ‘तुझ्या वयाच्या सगळ्यांनाच मी हे विचारते’ असं म्हणून घर, शाळा, मित्र, झोप, व्यसन, प्रेम, शरीरसंबंध, मनात येणारे काळे विचार असं एकेक करत सगळ्यांना विचारते. त्यामुळे ‘माझ्याकडे पाहून यांना संशय आला’ असं कोणाला वाटत नाही. आधी सोपं, मग अवघड, हा क्रम तिचा स्वतःचा नाही. किशोरवयीनांचे डॉक्टर तो 1980च्या दशकापासून वापरत आले आहेत.

मुलं डॉक्टरकडे जायला का कचरतात असं मी तिला विचारलं, तेव्हा तिने सांगितलेलं पहिलं कारण माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. मुलींना वाटतं, गेलं की कपडे काढून आतून तपासतील. या भीतीपोटी कितीतरी जणी महिनोन्‌महिने त्रास अंगावर काढतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा त्याची गरज नसते. गर्भनिरोधक गोळ्या सुरू करायच्या तर काही प्रश्न विचारणं आणि रक्तदाब पाहणं पुरतं. शरीरसंबंधातून पसरणारा क्लॅमिडियासारखा संसर्ग, जो बऱ्याचदा कुठलंही लक्षण न दाखवता आत राहतो आणि उपचार न झाल्यास पुढे मूल होण्यात अडथळा आणू शकतो, तो लघवीच्या नमुन्यावरून किंवा मुलीने स्वतःच घेतलेल्या नमुन्यावरून कळतो. पाळीच्या बहुसंख्य तक्रारी नुसत्या बोलण्यातून उलगडतात. ‘आज आपण फक्त बोलणार आहोत, तपासायची वेळ आली तर आधी तुला विचारेन आणि तू नाही म्हणू शकतेस,’ एवढं पहिल्या मिनिटात सांगितलं की समोरचे खांदे खाली येतात, असं मैत्रीण म्हणते. हे वाक्य दवाखान्याच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवायला काय हरकत आहे?

आणि मग गुप्ततेचा प्रश्न. इथे माझं स्वतःचं मन दोन बाजूंना ओढलं जातं.

माझी मुलगी पंधरा वर्षांची असताना आम्ही दोघी डॉक्टरांकडे गेलो होतो, तिच्या पाळीच्या दुखण्यासाठी. थोडं बोलून झाल्यावर डॉक्टर माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या, ‘‘आता थोडा वेळ मी हिच्याशी एकटीशी बोलते. या वयाच्या सगळ्यांशी बोलते मी. तुम्ही बाहेर बसाल का?’’ मी हसून उठले. बाहेरच्या खुर्चीवर बसले, आणि ते हसू तिथेच गळून पडलं. दार बंद होतं. आतून आवाज येत नव्हता. ही काय सांगत असेल? मला न सांगितलेलं असं काय आहे? जिच्या प्रत्येक तापाचं तापमान मला पाठ आहे, तिच्याबद्दल माझ्याआधी एका परक्या बाईला काहीतरी कळणार, याचं मला वाईट वाटत होतं. मत्सर म्हणावा असंच काहीतरी. त्याच वेळी हेही जाणवत होतं की माझ्या चौदाव्या वर्षी माझी आई अशी बाहेर बसली असती, तर चादरींचं मी सांगितलं असतं. दार उघडलं तेव्हा मुलगी नेहमीसारखीच होती. घरी येताना तिने मला आपणहून काही सांगितलं, काही सांगितलं नसेल. मी विचारलं नाही. न विचारणं मला फार जड गेलं.

म्हणून व्हिक्टोरिया गिलिक या इंग्लंडमधल्या आईबद्दल वाचताना मला तिचा नुसता विरोध करता येत नाही. सोळा वर्षांखालच्या आपल्या मुलींना आपल्या संमतीशिवाय डॉक्टरांनी गर्भनिरोधक देऊ नये, म्हणून ती न्यायालयात गेली. वरच्या न्यायालयात एकदा जिंकलीही. मग 1985 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, तीन विरुद्ध दोन अशा मतांनी तिच्या विरोधात निकाल दिला. मुलाला सांगितलेलं पूर्ण समजण्याइतकी त्याची समज झाली असेल, तर त्याची स्वतःची संमती पुरते, असं तत्त्व त्यातून पक्कं झालं. पण निकालात पालकांना बाजूला सारलेलं नाही, हे फार थोडे लोक सांगतात. घरी सांगायला डॉक्टरांनी आधी मुलीचं मन वळवून पाहावं, तरी ती तयार नसेल आणि मदत न दिल्याने तिचंच नुकसान होणार असेल तर तिच्या हिताचं ते करावं, असं त्यातले एक न्यायाधीश लॉर्ड फ्रेझर यांनी लिहिलं. मला त्यातलं ‘मन वळवून पाहावं’ महत्त्वाचं वाटतं. चांगले डॉक्टर आई-मुलीच्या मधे भिंत उभी करत नाहीत, घरी हे कसं सांगता येईल ते मुलीला सुचवतात. कधीकधी सांगायला बरोबर बसतात.

1997 मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एक प्रयोग छापून आला होता. शाळेतल्या मुलांना डॉक्टरच्या भेटीची ध्वनिफीत ऐकवली. काही फितींमध्ये डॉक्टर गुप्ततेची हमी देत होते, काहींमध्ये त्याबद्दल अवाक्षर नव्हतं. बाकी सगळं तेच. हमी न ऐकलेल्यांपैकी 53 टक्के मुलं ‘या डॉक्टरकडे पुन्हा येईन’ म्हणाली, हमी ऐकलेल्यांपैकी 67 टक्के. एक-दोन वाक्यांचा फरक. नवी इमारत नाही, यंत्र नाही, पैसा नाही. मात्र हमी खरी असायला हवी, आणि तिच्या मर्यादाही आधीच सांगायला हव्यात. तुझ्या जिवाला धोका असेल, कोणी तुझ्यावर अत्याचार करत असेल, तर मला गप्प बसता येणार नाही, आणि कोणाला सांगायचं ते आपण आधी बोलू, हे सुरुवातीलाच म्हटलं पाहिजे. देशोदेशीचे कायदे वेगळे आहेत. काही ठिकाणी ठरावीक वयाखालच्या मुलांच्या बाबतीत डॉक्टरांवर कळवण्याचं बंधन असतं. ते लपवून गोड बोलायचं आणि मग कळवायचं, याइतका विश्वासघात नाही. बारा-तेरा वर्षांची मुलगी गोळ्या मागायला येते तेव्हा तिच्यामागे कोणी मोठं माणूस तर नाही ना, हे विचारणं हीसुद्धा तिची काळजीच असते. ही सीमारेषा नेमकी कुठे आखावी याबद्दल मी अजून पुरती निश्चिंत नाही.

जिथे हे जमलंय तिथे काय केलं, हे पाहिलं तर त्यात झगमग फार नाही. स्वीडनमध्ये 1970 साली बोर्लेंगे या गावात तरुणांसाठीचं पहिलं केंद्र सुरू झालं, आज देशभर त्यांचं जाळं आहे. तिथे आधी भेटते ती बहुधा प्रशिक्षित सुईण, गरज पडली तर समुपदेशक किंवा डॉक्टर. सर्दीइतक्याच सहजपणे तिथे जाता येतं, कारण शाळेतल्या मुलांना वर्गासकट नेऊन ती जागा आधी दाखवलेली असते. कुठल्या खोलीत कोण बसतं, बाहेर कुठे थांबायचं, आत काय विचारतात, हे पाहून झालेलं असतं. उलट अनेक देशांत तरुणांसाठी खास केंद्रं उभारली, त्यात खेळ ठेवले, टीव्ही ठेवले, आणि नंतर आढळलं की तिथे येणारे बरेचसे वयाने मोठे मुलगे होते, खेळायला येणारे, आणि आरोग्यसेवा घेणारे त्यात थोडेच. लाजऱ्या चौदा वर्षांच्या मुलीला कॅरम खेळणाऱ्या घोळक्यातून वाट काढत सल्ला घ्यायला जावं लागत असेल, तर ती कशी जाईल?

जागतिक आरोग्य संघटना 10 ते 19 वर्षं वयाला किशोरवय म्हणते. 2015 मध्ये तिने यूएनएड्स या संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक संस्थेसह या वयासाठीच्या आरोग्यसेवेचे आठ निकष ठरवले. त्यातला शेवटचा निकष मला सगळ्यांत आधी हवा होता असं वाटतं: सेवा आखताना, तपासताना आणि स्वतःच्या उपचारांबद्दल ठरवताना मुलांचा सहभाग. त्या काउंटरसमोर उभी राहिलेली मुलगीच सांगू शकेल ना, की तो कुठे चुकीचा ठेवलाय? तिने सांगितलं असतं, येण्याचं कारण बोलायला लावू नका, कागदावर खूण करू द्या. ‘सोबत कोण’ हे रांगेत विचारू नका. आवाज खाली ठेवा. शाळा सुटल्यानंतरची वेळ ठेवा. काउंटरवरच्या बाईंना कोणी हे शिकवलं नव्हतं. प्रशिक्षणं होतात ती डॉक्टरांची आणि नर्सची, आणि मूल सगळ्यांत आधी भेटतं ते रजिस्टर लिहिणाऱ्या माणसाला, दारावरच्या माणसाला. माझा रिपोर्ट दाखवून झाल्यावर मी त्यांच्याशी बोलले. त्या ऐकून घेत म्हणाल्या, ‘‘मला वाटलं, एकटी आलीय, घाबरली असेल, म्हणून आईचं विचारलं हो.’’ त्यांचंही खरं होतं.

माझी मुलगी आता अठरा वर्षांची आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी, एचपीव्ही या विषाणूविरुद्धची लस तिला तेराव्या वर्षी दिली होती, नऊ ते चौदा या वयात ती घेणं सगळ्यांत चांगलं म्हणून. तेव्हा ती माझा हात धरून गेली होती. परवा तिने स्वतःच फोन करून डॉक्टरांची वेळ घेतली. फोन लावण्याआधी तिने आरशासमोर दोनदा वाक्य म्हणून पाहिलं, ‘‘मला खासगी बाबतीत सल्ला हवाय, काय ते डॉक्टरांनाच सांगेन.’’ मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. परत आल्यावर तिने मला विचारलं, ‘‘आई, तुझी एचपीव्हीची तपासणी झालीय? पस्तिसाव्या वर्षापर्यंत एकदा आणि पंचेचाळिसाव्यापर्यंत पुन्हा एकदा करायची असते, तिथे लिहिलं होतं.’’ पहिली झाली होती, दुसरीची वेळ आली होती. ‘‘मग घेऊ का वेळ?’’ तिने फोन हातात घेतलाच होता. वेळ मिळाली, पुढच्या बुधवारची. ‘‘जे विचारायचं ते लिहून ने,’’ ती म्हणाली, ‘‘आत गेल्यावर विसरायला होतं.’’ त्या रात्री मी कागद घेऊन बसले. वाटलं होतं एखादाच प्रश्न निघेल. पाळी जाण्याच्या या दिवसांबद्दल, अंगातून निघणाऱ्या वाफांबद्दल, कोरडेपणाबद्दल, आजवर कोणालाच न विचारलेलं इतकं निघालं की कागद उलटावा लागला.